सदाची पँट सैल झाली

ती खारी तिकडंच ठेवा राव, मी ठरवलंय म्हणजे ठरवलंय. हसू नका! मागच्या महिन्यातही ठरवलंच होतं. वय, उंची, वजन, कंपनीतलं उभ्यानं करायचं काम, सगळं धरून मला दिवसाला किती कॅलरी लागतात ते बायकोनं काढलं. म्हणाली, "त्यातल्या चार-पाचशेच कमी करू. हळूहळू उतरेल, पण टिकेल." तेव्हापासून थेरगावातून चाकणला निघताना मोजूनमापून डबा हातात. दोन फुलके, मुगाची उसळ, काकडी.

महिन्याभरानं वजन केलं, तर काटा तिथंच! बायको भडकली, "बाहेर वडापाव खातोस ना?" देवाशप्पथ, एक खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखे सगळ्यांनी डबे मधे ठेवले. ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यायचं. आमच्या लाइनवरचा लातूरचा सदा माझी उसळ ओढत म्हणाला, "वहिनीच्या हाताला लई चव हाय. अन् काय की, माझी पँट बी सैल व्हायलीय." बघतो तर पट्ट्याला नवं भोक! आणि माझ्या हातात सदाची भाकरी, वर तेलात थबथबलेली शेंगदाण्याची चटणी.

म्हणजे बायकोचा हिशोब बरोबरच होता, फक्त लागू पडला सदाला.

आता आपापला डबा घेऊन कोपऱ्यात बसणं काही आपल्याला जमायचं नाही. तिथूनच त्याच्या बायकोला फोन लावला. "वहिनी, उद्यापासून सदाच्या डब्यात फुलके, उसळ आणि काकडीच द्या."

"का वो भाऊजी, ह्यांना डॉक्टरनं सांगितलं का?"

"नाही वहिनी. वजन मला कमी करायचंय."