बावन्न मिनिटं

हो, तो शब्द चुकलाच आहे मॅडम, खालचाही असेल — माफ करा, माझं शुद्धलेखन सातवीपर्यंतचंच, पुढे शाळा सुटली, आणि भाषाही अशीच, साधी — पण मी त्यासाठी नाही थांबवलं तुम्हाला. माझ्या मंगळवारच्या अहवालात ती तिसरी ओळ आहे ना, ‘सविस्तर चर्चा झाली’, तिच्यासाठी थांबवलं. नाही, बसा ना जरा. ड्रायव्हरकाका डिझेल भरून येईपर्यंत दहा मिनिटं जातील, आणि नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचा कमांडर अकराला भेटतो म्हणाला म्हणजे साडेअकरा. तुम्ही काल संध्याकाळीच आलात, गल्ली अजून पाहिली नाहीत, म्हणून सांगतो — शिकवतोय असं नका समजू.

आमची आत्या मला विचारते, संरक्षण अधिकाऱ्यांचा मदतनीस म्हणवतोस, मग बंदूक कुठाय? म्हटलं, बंदूक नाही आत्या, वही आहे. म्हणाली, मग पळता तरी येतं का नीट? — तर आपल्या मदतसंस्थेची वही घेऊन घरोघरी बसायचं, कुणाला कोणी धमकावलं, कुणाचा मुलगा उचलला, ते ऐकून घ्यायचं. पण तुमच्या आधीच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एका घरात जास्त बसलास की त्या घरावर खूण पडली समज. म्हणून बारा मिनिटं. दहा घरं, प्रत्येकी बारा. कुणी रडत असलं तरी बारा, कुणाला काहीच सांगायचं नसलं तरी बारा — मग भिंतीकडे बघत बसायचं. गल्लीच्या तोंडाशीच नाका, तिथे एक जण खुर्ची टाकून घड्याळ बघत असतो — कोण बोललं, कोण नाही, त्याला कळता कामा नये. गल्लीनं माझं बारसंच केलंय — आले, बारामिनिटे आले! आडनाव असल्यासारखं. हसा की, मीही हसायचो.

मंगळवारी पाचवं घर इस्त्रीवाल्या मावशींचं. त्याच्या आधीच्या आठवड्यात, उचललेल्या तीन मुलांची नावं आपल्या ऑफिसातून वर गेली होती, आणि ती आपल्याला कोणी दिली हे नाक्यावरचे हुंगत फिरत होते. कोणी दिली? मला माहीत आहे, पण तुम्हालाही सांगणार नाही, रागावलात तरी चालेल. मावशींनी नाही दिली, एवढं खरं. मावशी इस्त्री फिरवत म्हणाल्या, मला काही सांगायचं नाही बाबा, तू आपली तुझी बारा मिनिटं पुरी कर. मी भिंतीला टेकून बसलो. खोलीत इस्त्रीची ऊब, ओल्या कापडाचा वास — आणि आम्ही त्याच्या आधी दोन दिवस घरं सोडून आलेल्यांच्या तंबूंत माणसं मोजत होतो, पाठ म्हणून टेकली नव्हती. सबब नाही सांगत. हो — सबबच सांगतोय.

झोपलो मॅडम. डोळा लागला. कसली चर्चा अन् कसलं काय! जागा झालो तर डोक्याखाली कुणाच्या तरी चादरींची घडी, आणि घड्याळात बावन्न मिनिटं. मी ताडकन उठलो, मावशी म्हणाल्या, पोरा, घोरत होतास, उठवायचा जीव होईना. त्यांचा काय दोष? दमून झोपलेल्या माणसाला कोण उठवतं — त्यांच्या घरी नाही उठवत, आमच्याही नाही. बाहेर आलो तर खुर्चीवरचा माणूस मनगट डोळ्यांशी धरून माझ्याकडे बघतोय. मी काय करायला हवं होतं? उरलेल्या पाचही घरांत बावन्न-बावन्न बसायला हवं होतं. आता सुचतंय. तेव्हा मान खाली घालून बारा-बारा उरकली आणि इथं येऊन हा कागद लिहिला. वेळेच्या रकान्यात बावन्न मिनिटं तर भरायलाच हवी होती, मग झोपलो असं लिहू? नोकरीला आठ महिने झालेत, घरी पहिल्यांदा कुणी मला शहाणा म्हणतंय. लिहिलं — सविस्तर चर्चा.

संध्याकाळी नाक्यावरचे मावशींच्या दारात. बावन्न मिनिटं काय सांगत होतीस? मावशींनी खरं तेच सांगितलं, झोपला होता तो. ते हसले. त्यांच्या जागी मी असतो तर माझाही विश्वास बसला नसता. मावशींचा मुलगा इस्त्रीचे कपडे पोचवून परत येत होता — वीस वर्षांचा आहे, एकुलता एक — त्याला धरून नेलं. काय बोललीस ते आठवलं की ये, म्हणाले, मुलगा घेऊन जा. आठवायचं काय? बोललंच काही नाही तर आणायचं कुठून?

आणि आता तुम्ही हा कागद घेऊन जाणार. सकाळी तुम्ही फोनवर म्हणालात ते दारातून ऐकू आलं — आमच्याशी बोलली म्हणून कुणाला शिक्षा होता कामा नये, असं सांगेन त्या कमांडरला. बरोबर आहे तुमचं, नियम तसाच आहे. पण मॅडम, ‘आमच्याशी बोलली म्हणून’ असं तुम्ही म्हणालात की ती बोलली, हे तुमच्याच तोंडून पक्कं झालं! मग पोरगा सुटत नाही. ती ओळ खोडा. माझा पोऱ्या कामावर झोपला होता म्हणा, निलाजरा आहे म्हणा, त्याच्यासमोर माझी नोकरी काढून घ्या. तुमचं ऐकतील. तुम्ही मोठ्या ऑफिसातल्या.

मीच जाऊन का नाही सांगत? माझं सांगून झालंय. म्हणजे — हे मी सांगणार नव्हतो. काल सकाळी मी एकटा नाक्यावर गेलो. मी कधी चार माणसांत बोलत नाही, दुकानात सुटे मागायलाही लाजतो, पण बोललो, सगळ्यांसमोर, मोठ्यानं — झोपलो होतो, ती बाई काही बोलली नाही. खुर्चीवाला म्हणाला, असं? मग झोपून दाखव. बाकावर जागा केली त्यांनी. म्हणाले, घोरलास की मुलगा घेऊन जा. मी चप्पल काढून आडवा झालो. त्यानं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं. मी डोळे मिटले, श्वास हळू केला, घोरायलाही लागलो — ते एकमेकांना कोपरानं ढोसतायत हे कळत होतं — मग पापण्या थरथरायला लागल्या, आणि एक जण म्हणाला, जागा आहे हो हा. डोळे उघडले तर आतल्या खिडकीच्या गजांपलीकडे मावशींचा मुलगा उभा. कधीपासून, कोण जाणे. मी त्याच्याकडे बघितलं आणि परत डोळे मिटून घेतले.