जीपमधलं रडकं गाणं

माझं रोजचं एक इंग्रजी गाणं आहे. पॉप गायकाचं, गिटारवरचं, गावाकडच्या ढंगाचं, गेलेल्या प्रेमाचं. गावासाठी काहीतरी करायचंच म्हणून मी बंगळुरू सोडून परत आलो, मैत्रीण तिकडेच राहिली आणि आमचं तुटलं, तेव्हापासून मी तेच ऐकतो.

परवा मोखाड्याहून जव्हारला येताना जीपवाल्या रघूने माझा फोन गाडीला जोडला आणि तेच गाणं लागलं. शेजारच्या सोनीआजीने विचारलं, "ह्यो कशापायी रडतो?"

"आजी, त्याची बायको सोडून गेली."

"मग आणायला नाय गेला? चार माणसं घेऊन जायचं, चहा प्यायचा, तिला घेऊन यायचं."

"तो गेला नाही. त्याने गाणं केलं."

"येडाच हाय."

मला राहवलं नाही. "आजी, माझीपण गेलीय."

"मग तू काय केलंस?"

"हे गाणं ऐकतोय."

सगळी जीप हसली. रघूने गाणं बंद करून गाडी कडेला घेतली. "भाऊ, इथं रेंज हाय, पुढं जाते. लाव फोन."

लावला. तिने उचलला. मी काही बोलायच्या आत आजी माझ्या कानाशी ओरडली, "पोरी, आमी आणायला येतो. चहा ठेव!"