काही न झालेल्या माणसाची गोळी

...सव्वा वर्ष! तुम्हाला सांगतो, सव्वा वर्ष मी त्या छापखान्यात बिनसाखरेचा चहा गिळलाय, आणि कशासाठी? मला काहीही झालेलं नाही हो!

गोळी घेतो मी. रोज एक, जेवणाच्या सुट्टीत, कारण घरी घेतली तर आई विचारणार, "कसली रे?" बायकोला एचआयव्ही आहे, पहिल्या नवऱ्याकडून आलेला. लग्नाआधी तिनंच समोर बसवून सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिची औषधं नीट लागू पडेपर्यंत तुम्हीही रोज एक घ्या, म्हणजे लागण व्हायची नाही. इतकं साधं! पण सांगणार कुणाला? मी तोंड उघडलं की तिचं नाव बाहेर. शिवणाचा क्लास घेते ती, दुसऱ्या दिवशी एक मुलगी फिरकायची नाही.

म्हणून मशीनवाल्यानं विचारलं, "कसली गोळी?" तर तोंडातून निघून गेलं, "साखरेची." संपलं! त्या दिवसापासून चहा फिका. मालकांना नात झाली तर मिठाईचा खोका माझ्या नाकासमोरून पुढे! "छे छे, यांना नको, यांना साखर आहे!" अहो, मला काहीही झालेलं नाही... पण हे मनातल्या मनात.

बरं, मशीनवाल्याला खरीच साखर. सोमवारी म्हणतो, "तुमची बरी आटोक्यात राहते हो! एक द्या ना त्यातली." नाही म्हटलं, तर रुसला. आणि बुधवारी बघतो तर काय, पठ्ठ्याचा हात माझ्या पिशवीत, गोळी तोंडाशी! काय करू? ओरडलो, "अहो, ती एचआयव्हीची आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे. म्हटलं, "होऊ नये म्हणून घेतात ती... मला काहीही झालेलं नाही!"

"मग घेता कशाला?"

आता याचं उत्तर तिकडे घरी पोरींना काज करायला शिकवत बसलेलं! मालक हळूच म्हणाले, "बाहेरचा नाद दिसतोय." मी म्हटलं, "हो. आहे नाद." काय करता? तिच्यापर्यंत तरी कुणी जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चहात साखर! दोन चमचे! फक्त सगळ्यांना काचेचे ग्लास, आणि मला कागदी कप. मी मालकांकडे बघितलं.

"गैरसमज नको हं," मालक म्हणाले, "आम्हाला काहीही झालेलं नाही... होऊ नये म्हणून!"

प्यायलो.