सोफा ओसरीत, लेकरं घरात

निर्णय कसा घ्यावा ते आमच्या वहिनीकडून शिकावं. सडक अर्जुनीला दादाचं घर अगदी हायवेला लागून आहे. दादानं समोरच्या खोलीत पाहुण्यांसाठी म्हणून मोठ्या हौसेनं गोंदियाहून नवा सोफा आणला होता. त्याच आठवड्यात त्याचा धाकटा, बंटी, चेंडूमागे रोडवर धावला. ट्रक करकचून ब्रेक मारून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला नि वहिनीला म्हणाला, "बहनजी, आज बच गया. कल का भरोसा नहीं."

वहिनी रडली नाही, पोराला मारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नि दादा शेतावरून आलो, तर सोफा ओसरीत! आत खाली चटया, भाजीच्या क्रेटमध्ये खेळणी, आढ्याला जुन्या लुगड्याचा झुला आणि गल्लीतली सगळी पोट्टी गोळा. खडूनं गिरवता यावं म्हणून वहिनी भिंतीला काळा रंग देऊन राहिली होती.

"काऊन वं, सोफा भायेर काऊन?" दादा ओरडला.

"लेकराईले खेळाची खोली केली."

"अन् पाहुणे आले तं बसतीन कुठं?"

वहिनीनं ब्रश थांबवलासुद्धा नाही. "पाहुणा भायेर बसला तं मरत नाही. लेकरू मरते."

मला वाटलं, आता भडका उडणार. दादा सोफ्यावर बसला, झुल्यावरच्या बंटीकडे बघत राहिला. मग उठून म्हणाला, "दाराची कडी वरतं लावून देतो. पोट्ट्याईच्या हाताले पुरली नाही पायजे."