दिल्लीला येळवस नसते

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तूर उत्पादक संघाचे चेअरमन आदरणीय रेवणसिद्धप्पा अण्णा, कडगंचीच्या विद्यापीठातून एवढ्या उन्हात आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर प्रेरणा मॅडम, व्यासपीठावरचे सर्व संचालक, आणि समोर सतरंजीवर, खुर्च्यांवर, जागा नाही म्हणून उंबऱ्यावर बसलेले माझे सभासद, अक्का, अप्पा, भावांनो, सगळ्यांना सुधारानी बिराजदारचं शरणु शरणार्थी.

अध्यक्षांची परवानगी घेऊन बोलते. म्हणजे परवानगी अर्धीच मिळालीय. मघाशी शाल घालताना अण्णा माझ्या कानात म्हणाले, "अक्का, दोन शब्द बोला, पण फळ्याचं काही काढू नका." आता सत्तावीस वर्षं या गोदामाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरलेली बाई दोन शब्दांत काय सांगणार? आणि फळ्याचं काढायचं नाही तर कशाचं काढायचं? पोती आली आणि पोती गेली. माझ्या हातचं असं इथं काही राहिलं असेल तर तो फळाच आहे.

पाहुण्यांसाठी सांगते. गोदामाच्या दाराशी टांगलेला तो काळा फळा मी एका बंद पडलेल्या बालवाडीतून माझ्या पैशानं आणला. त्यावर तीन रकाने आहेत : दिल्ली, मुंबई, आळंद. परदेशातल्या तुरीला सरकार दार उघडतंय का लावतंय, ते दिल्लीत. रिझर्व्ह बँक व्याज चढवतेय का उतरवतेय, ते मुंबईत. आणि इथल्या बाजारातला आजचा भाव आळंदमध्ये. एक ओळ मराठीत, एक कन्नडात. रोज सकाळी दहाला मी खडूनं लिहीत आले.

सुरुवातीला लोक हसायचे. "तूर आपल्या रानात पिकती, तिला दिल्ली कामून लागती?" असं मला याच दारात विचारलंय, विचारणारे आज व्यासपीठावर आहेत. मग एका वर्षी मोझांबिकची तूर बंदरात उतरली आणि इथला भाव बसला. त्या दिवशी भागम्मा, त्या बघा, खांबाला टेकून बसल्यात, मला म्हणाल्या, "अक्का, हे मोझांबिक कुठं हाय गं?" मी म्हटलं, समुद्रापलीकडं, लई लांब. तर म्हणाल्या, "लांब कशाचं? आपल्या गोदामाला खेटून असंल. तिथलं पोतं हललं की इथलं घसरायलंय." मॅडम, तुमच्या वर्गात हे शिकवायला किती तास लागतात?

मुंबईचंही तसंच. गोदामात तूर ठेवून आपण बँकेची उचल घेतो. मुंबईनं व्याज उतरवलं की तूर थांबवणं परवडतं, चढवलं की घाईनं विकावी लागते. आमचे निवृत्त विलास गुरुजी फळा वाचून विचारायचे, "मुंबईची बैठक कधी?" व्याज उतरण्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी आपली सगळी पुंजी जुन्या दरानं पाच वर्षांसाठी ठेवीत टाकली. त्यानंतर वर्षभर भेटेल त्याला ते गणित समजावून सांगत होते. लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले, ते सोडा.

भागम्माला वाचता येत नाही. रोज दहाला त्या दाराशी येतात आणि विचारतात, "अक्का, आज दिल्ली काय म्हणायलीय?" मी वाचून दाखवते. मग त्या ठरवतात, पोतं हलवायचं का ठेवायचं. ती त्यांची गुंतवणूक आहे. शहरातले लोक शेअर घेतात, आमच्या भागम्मा तूर धरून ठेवतात. जोखीम दोघांचीही सारखीच असते, फक्त भागम्माच्या जोखमीला उंदीर लागतात.

आता त्या येळवशीचं, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येचं बोलते. अण्णा, तुम्ही घड्याळ बघायलात, पण मी बोलणार.

येळवशीच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'दिल्ली : बाहेरच्या तुरीची बिनकराची मुदत मार्चअखेर संपणार.' म्हणजे भाव चढण्याची आशा. लातूरच्या एका गिरणीवाल्यानं क्विंटलला साडेसात हजारांचा भाव दिला होता, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कुणीही माल द्यावा. बहुतेकांनी फळा बघून तूर थांबवली. आणि येळवशीला आपण सगळे रानात गेलो. कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा झाली, भज्जी झाली, उंडे झाले, आंबील झाली. वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचा तो दिवस. माझा फोन पिशवीत होता आणि पिशवी बाभळीला. इतक्या वर्षांत येळवशीला मी कधी खडू हातात धरला नाही. कुणीच धरत नाही.

पण दिल्लीला येळवस नसते. त्याच दुपारी हुकूम निघाला : बिनकराची मुदत आणखी एक वर्ष. दार उघडंच राहणार.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी दहाच्या ठोक्याला आले. फोन बघितला, फळ्यावर लिहिलं. तोवर गिरणीवाल्याची मुदत संपली होती. दुपारी भाव सातशेनं खाली. भागम्मा समोर उभ्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काल सांगायचं व्हतं की गं." ते वाक्य मी अजून विसरले नाही, विसरणारही नाही. चूक माझी होती. मी सणाला बसले आणि बाजार बसला नव्हता. भरल्या सभेत कबूल करते.

एवढं बोलून खाली बसले असते तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी दहाला पोचले तेव्हा गोदामाच्या पाच खणांतली तूर नव्हती. आपले रखवालदार भीमण्णा म्हणाले, "अक्का, पहाटं सहालाच फोन आलता, गेट उघड म्हणून. ट्रक लातूरला गेले बी." पाचही खण संचालकांचे. ज्यांना हुकूम कळला होता त्यांनी साडेसात हजारांनी माल दिला. त्यात बेकायदेशीर काही नाही, आपला माल ज्यानं त्यानं विकावा. पण सहापासून दहापर्यंत चार तास होते. भागम्माचं घर गोदामापासून शंभर पावलांवर आहे. एकालाही शंभर पावलं चालवली नाहीत?

मॅडम आत्ता छान बोलल्या, बाजार माहितीवर चालतो. व्हय मॅडम, चालतो. पण ती कुणाला सहाला कळते आणि कुणाला दहाला, हे पुस्तकात असतं का?

आणि यातून धडा काय घेतला? महिन्याभरानं ठराव झाला. 'फळ्यामुळे सभासदांची दिशाभूल होते, सबब फळा काढून टाकावा. यापुढे माहिती संचालकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये देण्यात येईल.' काय न्याय आहे! घड्याळ मागं पडलं म्हणून कुणी वेळच बघायचं सोडतं का? चूक लिहिणारीची झाली, तर लिहिणारीला कान धरून उभं करा. वाचणाऱ्याचे डोळे कशाला काढता?

उद्यापासून माझी नोकरी नाही, फळाही उतरणार. उतरवा. ठराव तुमचा, भिंत तुमची. फळा मात्र माझा आहे, बालवाडीची पावती घरी ट्रंकेत आहे. आणि गेटसमोरचं ते निळ्या दाराचं घरही माझंच आहे. गेल्या सोमवारीच मी त्या भिंतीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या. भीमण्णांनी ठोकल्या, आता त्यांच्यावर कुणी रागावू नका, खुंट्या मी सांगितल्या.

तेच तीन रकाने राहतील. वेळ मात्र बदलेन, दहा नाही, सकाळी सहा. आणि दिल्लीनं येळवशीला हुकूम काढला तर मी येळवशीला लिहीन. पांडवांना नैवेद्य जरा उशिरा मिळेल, ते समजून घेतील. ज्या संचालकांना ग्रुपमध्ये काही लवकर कळेल, त्यांनी मला सांगितलं तर खडूची पेटी मी माझ्याकडून आणीन. नाही सांगितलं तरी आणीन.

आता आभार. इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, रागावलात, भांडलात, जेवायला बोलावलंत, त्याबद्दल सगळ्यांची मी ऋणी आहे. शाल सुंदर आहे अण्णा, मनापासून सांगते. रेशमी आहे म्हणून, नाही तर फळा पुसायला कामाला आली असती.

बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखलं असेल तर लहान बहीण समजून पोटात घाला. लिहिण्यात झालेली चूक मी तुमच्यासमोर कबूल केलीच आहे. गप्प राहण्यात ज्यांची झाली, त्यांच्या वतीनं क्षमा मागायचा मला अधिकार नाही.

भागम्मा, उद्या सहाला या. दिल्ली काय म्हणायलीय, ते वाचून दाखवते.

शरणु शरणार्थी.