अळणी सहल

सिएनाच्या बसथांब्यावर इलारिया रांगेत उभी होती. पुढे दक्षिण इटलीतल्या बारी शहरातून फिरायला आलेलं साठीतलं जोडपं होतं. इलारियाची स्वतःची बेकरी, त्यामुळे पावाचं नाव निघताच तिनं कान टवकारले.

"रोझाल्बा, फ्लॉरेन्सचा पाव अळणी, लुक्काचा अळणी, इथलाही अळणी! या मुलखात मीठ मिळत नाही का?"

"इथं पावात मीठ घालतच नाहीत, दोनातो. जुनी रीत आहे त्यांची."

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"म्हणून तर इकडे आणलं. डॉक्टरांनी तुझं मीठ तोडलंय ना?"

"म्हणजे ते मनोरे, ती चित्रं, ती चर्चं..."

"ती तोंडी लावायला."

"धन्य आहेस! आणि आता अरेझ्झोला?"

"तिथंही अळणीच."

"मला घरचा पाव हवाय. तुझ्या हातचा, वर टोमॅटो चोळलेला. त्याला म्हणतात चव!"

"ईस्टरपासून त्यात मिठाचा कण नाही."

रांग पुढे सरकली, पण दोनातो जागचा हलला नाही. इलारियाही थांबली.

"मग मला कळलं कसं नाही?"

"मी सांगितलं नाही ना, म्हणून."