हसनशेटांची सही

इंग्रजी पत्रांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या हसनशेटांचं ऐका. त्यांना हापूस मुंबईतल्या एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीला विकायचा होता. पुस्तकं वाचून शिकलेल्या इंग्रजीत मी पत्र लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं.

"सहीच्या वर काय लिहिलंस?"

"'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.' इंग्रजी पत्राची तशी रीतच आहे, शेट."

"बाग माझी, आंबे माझे, आणि सेवकही मीच? इंग्रज गेला ना रे? खोड ते!"

"साहेब रागावला तर हंगाम हातचा जाईल."

"जाऊ दे. नुसतं माझं नाव घाल."

घातलं. साहेबाचं उत्तर आलंच नाही. इकडे आंबे पिकायला लागले. मी विचारलं, "शेट, आता?"

"आता दुसऱ्या साहेबाला लिही," शेट म्हणाले, "आणि नाव जरा मोठं घाल."